मराठी विज्ञानकथेचे एक थोर सोबती : डॉ. जयंत नारळीकर

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात संस्थापकांची, देणगीदारांची आणि दीर्घकाळ निष्ठेने सेवा करणाऱ्या ग्रंथपालांची स्मृती जागवली जाते, हे उचितच होय. परंतु ग्रंथालय ज्यांच्यामुळे ग्रंथालय ठरते, त्या ग्रंथकारांपैकी एखाद्याचे स्मरणही अशा प्रसंगी व्हावयास हवे. २० मे २०२५ रोजी पुणे येथे वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे निधन झाले. खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांची थोरवी जगाने मान्य केलेली आहे आणि तिचे मूल्यमापन करण्याचा अधिकार मराठीच्या अध्यापकाला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. एका वाङ्मयप्रकाराच्या पडत्या काळात एक मोठा माणूस त्या प्रकाराच्या आणि तो हाताळणाऱ्या इतर लेखकांच्या पाठीशी कसा उभा राहिला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

हा विषय पांढुर्णा-सौंसर परिसरातील वाचकांना दूरचा वाटू नये. आपल्या ग्रंथालयाची पायाभरणी झाली तेव्हा हा मुलूख मध्यप्रांत व वऱ्हाडात होता आणि नागपूर ही राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला, आणि घरात मराठी व कचेरीत हिंदी अशी आपली दुहेरी वहिवाट कायम झाली. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी या वहिवाटीत फरक पडलेला नाही. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे राहून मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा मराठी वाङ्मयातील वाटा किती, हा प्रश्न त्यामुळे आपल्या मनात नेहमीच असतो. विज्ञानकथेच्या बाबतीत त्याचे उत्तर मोठे समाधानकारक आहे.

मराठी विज्ञानकथेची सुरुवात नारळीकरांपासून झाली असा एक समज प्रचलित आहे. तो खरा नाही. मूळ कोचीन येथे सुरू झालेल्या ‘केरळकोकीळ’ या मासिकात कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १९०० साली ज्यूल्स व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराच्या चंद्रप्रवासाच्या कथेचा अनुवाद ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने देण्यास आरंभ केला. म्हणजे या प्रकाराचा पहिला अंकुर ज्या नियतकालिकात उगवला, त्याचा जन्मच महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर झालेला होता. पुढे १९१५ साली श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा ‘मनोरंजन’ मासिकात आली. आरंभीची स्वतंत्र मराठी विज्ञानकथा म्हणून अभ्यासक तिचा उल्लेख करतात. त्यानंतर अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाने अद्भुत आणि विज्ञानाधिष्ठित कथांना हक्काची जागा दिली. द. पां. खांबेटे, नारायण धारप, भालबा केळकर यांनी आपापल्या परीने हे दालन समृद्ध केले. भा. रा. भागवत यांनी व्हर्नला मराठी मुलांच्या हाती आणून दिले. त्यांचे ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ वाचून आकाशाकडे पाहावयास शिकलेली एक पिढीच होती. हे भागवत इंदूरला जन्मलेले, म्हणजे आपल्याच राज्याचे.

असे असूनही साहित्याच्या पंगतीत या कथेचे पान बाहेर, ओसरीवर मांडलेले असे. रहस्यकथा आणि भयकथा यांच्या रांगेत ती धरली जाई. समीक्षक तिची दखल घेत नसत, अभ्यासक्रमात ती नसे, आणि जे लिहीत त्यांतले पुष्कळसे हा आपला फावल्या वेळचा उद्योग आहे असेच मानीत. एखादा प्रकार असा दुर्लक्षिला गेला की त्यातील लेखकांवर एक विचित्र पाळी येते. वाचक मिळतात, पण सोबती मिळत नाहीत. आपल्या लेखनाची तुलना करावी, त्यातील गुणदोष कोणी सांगावेत, अशी मंडळीच भोवती नसते.

ही उणीव भरून काढण्याचे पहिले संघटित काम मराठी विज्ञान परिषदेने केले. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्य उद्दिष्ट मराठीतून विज्ञानाचा प्रसार हे होते. नियतकालिक, व्याख्याने, अधिवेशने यांच्या जोडीला १९७० पासून परिषदेने विज्ञानरंजन कथांची वार्षिक स्पर्धा सुरू केली. आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु ज्या लेखकाला मासिकाचा संपादक ओळखत नव्हता, त्याच्यासाठी ही स्पर्धा म्हणजे एक दार होते. गावोगावचे शिक्षक, डॉक्टर, अभियंते आपली कथा पाकिटात घालून तेथे पाठवू शकत होते आणि ती वाचली जाईल अशी खात्री बाळगू शकत होते.

याच दारातून १९७४ साली एक कथा आत आली. तिचे नाव ‘कृष्णविवर’ आणि लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप.

हे जगताप म्हणजे कोण, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जयंतरावांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला, परंतु त्यांचे बालपण आणि शिक्षण झाले बनारसला. वडील रँग्लर विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख होते, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. शाळेत हिंदी, घरात मराठी, विद्वानांच्या बैठकीत संस्कृत आणि इंग्रजी, असे ते वातावरण होते. शाळेची भाषा हिंदी असूनही त्यांची मराठी इतकी स्वच्छ राहिली, याचे श्रेय घरातल्या पुस्तकांना आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्याला द्यावे लागेल. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे या चार नगरांच्या आठवणी त्यांनी लिहिल्या आहेत आणि त्यांतील पहिले नगर बनारस आहे. या ग्रंथाला २०१४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या ज्या घरात मुले हिंदी शाळेत जातात आणि संध्याकाळी आजीकडून मराठी ऐकतात, त्या घराने बनारसचे ते घर आपलेच समजावे.

बनारसहून १९५७ साली पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत त्यांनी सर्वोच्च यश मिळवले आणि पुढे फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ मध्ये डॉक्टरेट संपादन केली. गुरुत्वाकर्षणाविषयीच्या हॉइल-नारळीकर सिद्धान्ताने १९६४ साली त्यांचे नाव जगभर झाले आणि १९६५ मध्ये, वयाची सत्तावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. येथे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, त्यांचे गुरू हॉइल हे स्वतः कादंबरीकार होते. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान-कादंबरी १९५७ सालीच प्रसिद्ध झाली होती. पहिल्या प्रतीचा शास्त्रज्ञ गोष्टी लिहितो आणि त्यामुळे त्याच्या शास्त्रीय प्रतिष्ठेला बाध येत नाही, हे नारळीकरांनी गुरुगृहीच पाहिले. विज्ञानकथेची प्रेरणा आपल्याला हॉइल यांच्यापासून मिळाली, हे ते आवर्जून सांगत.

१९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक म्हणून ते परत आले. त्यानंतर दोन वर्षांनी अहमदाबादच्या एका परिसंवादात एक व्याख्यान फारच कंटाळवाणे होऊ लागल्यावर त्यांनी समोरच्या कागदावर कथा लिहावयास घेतली. ही हकिकत त्यांनी स्वतःच मिश्किलपणे सांगितलेली आहे. कथा पूर्ण झाली. ती स्पर्धेसाठी पाठवावयाची तर स्वतःच्या नावाने पाठवावी कशी? परीक्षक नावाला भुलतील किंवा भिडेस पडतील. म्हणून त्यांनी ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरे उलटी केली, ना. वि. ज. केली आणि त्यांवरून नारायण विनायक जगताप हे नाव तयार केले. अक्षरही परिषदेच्या मंडळींच्या ओळखीचे होते. त्यामुळे कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या हाताने लिहून काढली. स्वतः गणितज्ञ असलेल्या मंगलाताईंचा मराठी विज्ञानकथेतील हा पहिला वाटा! त्यांचे निधन १७ जुलै २०२३ रोजी झाले.

कृष्णविवराच्या सान्निध्यात काळाची गती मंदावते, या सापेक्षता सिद्धान्तातील तत्त्वाचा आधार घेतलेली ती कथा पहिली आली. जगताप म्हणजे नारळीकर, हे मागाहून उघड झाले.

या प्रसंगाकडे एका मोठ्या माणसाची गंमत म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. परंतु त्यात त्याहून अधिक काही आहे असे मला वाटते. त्या वर्षी त्याच स्पर्धेत ज्यांनी कथा पाठविल्या, त्यांचा विचार करावा. पद्मभूषण डॉ. नारळीकर या नावाने कथा आली असती तर उरलेल्या सगळ्या पाकिटांचे वजन ती उघडण्याआधीच कमी झाले असते. आपले नाव बाजूला ठेवून नारळीकरांनी त्या अनोळखी स्पर्धकांना समान भूमी दिली. जे पारितोषिक मिळाले ते कथेला मिळाले, आणि त्यामुळे त्या स्पर्धेची प्रतिष्ठाही वाढली. मोठ्या नावाला न ओळखता निवाडा देणारे परीक्षक ज्या स्पर्धेत आहेत, त्या स्पर्धेत उद्या लहान नावालाही न्याय मिळेल, असा विश्वास त्यातून निर्माण झाला. सहलेखकांना साहाय्य करण्याचे पुष्कळ मार्ग असतात. त्यांच्याशी सामना देताना आपला अनुचित फायदा सोडून देणे, हा त्यांतला अवघड मार्ग होय.

नाव उघड झाल्यानंतर मात्र त्यांनी ते लपविले नाही, आणि हा त्यांच्या कार्याचा दुसरा अर्धा भाग आहे. आता नावाचा उपयोग स्वतःला नव्हे, विज्ञानकथेला होणार होता. कऱ्हाड येथे १९७५ साली भरलेल्या ५१ व्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या प्रवाहाची दखल घेतली. साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून विज्ञानकथेचा गौरवाने उल्लेख व्हावा, ही ओसरीवरचे पान आत मांडल्याची खूण होती. मान्यवर मासिके आणि दिवाळी अंक विज्ञानकथा मागू लागले. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा नारळीकरांचा संग्रह आला, पुढे ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या आल्या. संपादकांची मागणी एकदा सुरू झाली की ती एका लेखकाने पुरी होत नाही. जी जागा नारळीकरांच्या नावाने मोकळी झाली, तिच्यात इतरांच्या कथा येऊ लागल्या.

त्यांनी या प्रकाराला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे कसोटी. विज्ञानकथेत विज्ञान हा कथेचा कणा असावा, तो काढून घेतला तर कथा कोसळली पाहिजे, शोभेपुरते चार पारिभाषिक शब्द पेरून ती होत नाही, आणि कल्पनेला मोकळीक असली तरी ज्ञात विज्ञानाशी उघड विसंगती नसावी, अशा आशयाची मांडणी ते लेखांतून व भाषणांतून करीत राहिले. नवशिक्या लेखकाला शाबासकीपेक्षा अशी कसोटी अधिक उपयोगी पडते. आपण कोठे आहोत हे त्याला स्वतःलाच तपासून पाहता येते.

त्यांच्या स्वतःच्या कथा या कसोटीच्या नमुन्यादाखल वाचता येतात. ‘धूमकेतू’ कथेत पृथ्वीच्या रोखाने येणाऱ्या धूमकेतूचा शोध लावणारा दत्तदा हा हौशी आकाशनिरीक्षक आहे. एकीकडे शास्त्रज्ञ संकट टाळण्याचा उपाय योजतात, दुसरीकडे त्याच्याच घरात शांतीसाठी यज्ञ मांडला जातो. ‘हिमप्रलय’ कथेत मुंबईत बर्फ पडते, आणि वाचकाला गारठा जाणवण्याआधी ते का पडते याचे कारण समजलेले असते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ तर आपल्या भागातील वाचकाला विशेष भिडावी अशी. इतिहासाचे एक अभ्यासक अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जेथे पानिपतची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिलेल्या या मुलखात पानिपताची हळहळ अजून जुन्या माणसांच्या बोलण्यात येते. ‘तसे झाले नसते तर?’ हा आपल्या ओट्यावरचा प्रश्न नारळीकरांनी पुंजयामिकीच्या आधाराने कथेत आणला. हीच कथा इंग्रजी रूपात अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली आणि पुष्कळ मराठी विद्यार्थ्यांना आपल्याच भाषेतील कथेची ओळख इंग्रजीतून झाली.

आता त्यांच्या सोबत्यांकडे वळू. १९७० नंतरच्या तीन दशकांत मराठीत विज्ञानकथाकारांचे जे मंडळ उभे राहिले, तेवढे जोमदार मंडळ भारतीय भाषांत फारसे आढळत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले डॉ. बाळ फोंडके, ‘दुसरा आइन्स्टाईन’ लिहिणारे लक्ष्मण लोंढे, भूशास्त्राची बैठक असलेले आणि अखंड लिहिणारे निरंजन घाटे, अभियंता सुबोध जावडेकर, डॉ. अरुण मांडे, शुभदा गोगटे, आणि ‘विप्लवा’ या कादंबरीने या प्रकारात पाऊल टाकणारे अरुण साधू, ही त्यांतली काही नावे. या लेखकांनी नारळीकरांची नक्कल केली नाही, ही मोठीच गोष्ट. नारळीकरांची दृष्टी आकाशाकडे. फोंडके यांचा ओढा जीवशास्त्राकडे आणि त्यातून उद्भवणाऱ्या नैतिक पेचांकडे. लोंढे यांच्या कथेत माणसाच्या मनाची घालमेल पुढे येते. जावडेकरांच्या ‘गुगली’ आणि ‘वामनाचं चौथं पाऊल’ यांतील कथा वाचकाला शेवटी चकवतात, पण चकवून झाल्यावर विचारातही पाडतात. शुभदाताईंनी यंत्रयुगातील माणसाच्या हक्कांचा आणि नात्यांचा वेध घेतला. एका मोठ्या लेखकाच्या छायेत एकाच जातीची झुडपे वाढतात, असे साहित्यात अनेकदा होते. येथे ते झाले नाही, याचे श्रेय या लेखकांच्या स्वतंत्र बुद्धीला आहे आणि कसोटी सांगूनही साचा न लादणाऱ्या नारळीकरांनाही आहे.

या मंडळाचे एकमेकांशी असलेले नाते एका ग्रंथात फार चांगले दिसते. १९९३ साली नॅशनल बुक ट्रस्टने ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ या नावाचा, भारतीय भाषांतील विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. त्याचे संपादक होते बाळ फोंडके. एकोणीस कथांच्या या संग्रहात तामिळमधील सुजाता, कन्नडमधील राजशेखर भूसनूरमठ, हिंदीतील देवेंद्र मेवाडी यांच्यासमवेत मराठी लेखकांची मोठी पंगत बसलेली आहे. नारळीकर, लोंढे, घाटे, जावडेकर, मांडे, गोगटे आणि स्वतः फोंडके. ज्या लेखकाचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकट्याचे घालून ते सहज खपले असते, तो येथे इतरांच्या बरोबरीने एका कथेपुरता बसला आहे. एका कथाकाराने संपादकाचे कष्ट उपसावेत, आपल्या सोबत्यांच्या कथा परभाषेत न्याव्यात, आणि त्यात सर्वांत ख्यातनाम लेखकाने साध्या सदस्यासारखे सामील व्हावे, असा हा प्रकार. सहलेखकांना आधार देण्याची परंपरा एका व्यक्तीपुरती राहिली नव्हती, ती मंडळाची रीत झाली होती, याचा हा पुरावा मानता येईल. हिंदी आणि मराठी दोन्ही सहज वाचणाऱ्या आपल्या भागातील वाचकाला मेवाडी आणि जावडेकर शेजारी-शेजारी भेटतात, ही या संग्रहाची आपल्यापुरती वेगळी मौज.

नारळीकरांचा हा स्वभाव साहित्याबाहेरही असाच होता. मुले स्वाक्षरीसाठी वही पुढे करीत, तेव्हा ते स्वाक्षरी देत नसत. एक पोस्टकार्ड पाठव, त्यावर विज्ञानातला एखादा प्रश्न विचार, मी उत्तर लिहून खाली सही करीन, असे ते सांगत. आणि उत्तरे खरोखरच येत. १९८८ साली पुण्यात त्यांच्या नेतृत्वाखाली ‘आयुका’ हे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र केंद्र स्थापन झाले. देशभरच्या विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांना तेथे येऊन राहता यावे, उत्तम ग्रंथालय व उपकरणे वापरता यावीत, हा त्या संस्थेचा मूळ हेतूच होता. आडगावच्या महाविद्यालयात एकट्याने शिकविणाऱ्या माणसाला सोबत मिळाली पाहिजे, ही जाणीव त्यामागे आहे. विज्ञानकथेच्या क्षेत्रात जे घडले, तेच येथे संस्थेच्या रूपाने घडले.

अखेर ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालून आले. मार्च २०२१ मध्ये ठरलेले हे संमेलन करोनाच्या साथीमुळे लांबले आणि डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे भरले. प्रकृतीच्या कारणाने अध्यक्ष व्यासपीठावर उपस्थित राहू शकले नाहीत. एका शास्त्रज्ञाला हे पद मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. परंतु हा सन्मान एका व्यक्तीचा मानला तर त्याचा अर्थ अर्धाच समजेल. दुर्गाबाईंच्या कऱ्हाडच्या भाषणापासून नाशिकपर्यंत शेहेचाळीस वर्षे लागली. त्या वाटेवर आठल्ये, रानडे, अंतरकर, भागवत, खांबेटे, धारप यांच्यापासून लोंढे, घाटे, फोंडके यांच्यापर्यंत सर्वांची पावले आहेत. अध्यक्षाची खुर्ची त्या सर्वांच्या वतीने मिळालेली होती.

स्मरणलेखात केवळ स्तुती करणे म्हणजे दिवंगत लेखकाला कमी लेखणे होय. नारळीकरांच्या कथांवर घेतला जाणारा आक्षेपही येथे नमूद केला पाहिजे. त्यांची पात्रे कित्येकदा कल्पनेची वाहक ठरतात, त्यांच्या मनाचे व्यवहार फारसे उलगडत नाहीत, संवादांना व्याख्यानाचे वळण लागते, असे समीक्षक म्हणतात. तो आक्षेप निराधार नाही. शिवाय त्यांच्या नावाच्या तेजामुळे आणखी एक गोष्ट घडली, जिला ते स्वतः जबाबदार नव्हते. सर्वसामान्य वाचकाच्या मनात मराठी विज्ञानकथा म्हणजे नारळीकर असे समीकरण होऊन बसले. ज्या लेखकाने पहिल्या कथेच्या वेळी आपले नाव बाजूला ठेवले, त्याच्याच नावाआड इतरांची नावे झाकली जावीत, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. ग्रंथालयांतही हेच चित्र दिसते. नारळीकरांची पुस्तके हाताळून मऊ झालेली असतात, आणि त्यांच्या शेजारची लोंढे-जावडेकरांची पुस्तके असली तर कोरी, नाहीतर मुळातच नसतात.

येथे हा विषय थेट आपल्या दारात येतो. पांढुर्णा-सौंसरच्या मराठी वाचकाला पुस्तके मुख्यतः नागपूरहून येतात. पांढुर्ण्याहून रेल्वेने शंभरेक किलोमीटरचे हे अंतर, सौंसरला एके काळी नागपूर-छिंदवाडा छोट्या गाडीचा आधार होता आणि आता तो मार्ग रुंद झाला आहे. अंतराची अडचण अशी फार उरलेली नाही. अडचण आहे ती निवडीची. पुस्तकखरेदीला पैसे थोडे असतात, आणि थोड्या पैशांत प्रसिद्ध नावे घेण्याकडे कल असतो, तो समजण्यासारखाही आहे. परंतु सीमेवरच्या ग्रंथालयाचे कर्तव्य मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयापेक्षा वेगळे असते. तेथील वाचकाला एखादे पुस्तक एका ठिकाणी न मिळाले तर दुसऱ्या ठिकाणी मिळते. आपल्याकडे जे या कपाटात नाही, ते संत्र्याच्या बागेत काम करून संध्याकाळी वाचावयास बसणाऱ्या मुलाच्या दृष्टीने मराठीतच नाही.

आणि हे मूल हिंदी किंवा इंग्रजी शाळेत शिकत आहे, हेही विसरून चालणार नाही. संतवाङ्मय आणि ऐतिहासिक कादंबरी ही घरातून त्याच्या कानावर पडलेली असतात. पण विज्ञान त्याला मराठीत कोणी सांगत नाही. मराठी ही आजीची, सणांची, पोळ्याची आणि लग्नाच्या मंगलाष्टकांची भाषा, विचार करावयाची भाषा दुसरी, अशी समजूत त्याच्या मनात नकळत घर करते. कृष्णविवर, धूमकेतू, जनुक, यंत्रमानव यांविषयी स्वच्छ मराठीत लिहिलेली, आणि शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवणारी कथा ही समजूत जेवढ्या सहज मोडते, तेवढी भाषाप्रेमावरची दहा भाषणे मोडू शकणार नाहीत. बनारसच्या हिंदी शाळेत शिकलेल्या एका मुलाने त्या कथा लिहिल्या, हे त्याला सांगितले तर अधिकच बरे.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने सभासद आणि आश्रयदाते यांच्यापुढे एक नम्र सूचना ठेवावीशी वाटते. नारळीकरांच्या नावाने एखादा कोपरा करावयाचा झाल्यास त्यात त्यांच्या पुस्तकांचा दुसरा संच घेऊ नये. त्या पैशांतून फोंडके, लोंढे, घाटे, जावडेकर, गोगटे, मांडे यांची पुस्तके घ्यावीत, धारपांची व भागवतांची जुनी पुस्तके बांधून पुन्हा वाचनीय करावीत, आणि परिषदेच्या पत्रिकेची वर्गणी भरावी. देवघेवीच्या खिडकीवर ‘नारळीकर आहे का?’ असे विचारणाऱ्या मुलाच्या हाती नारळीकरांबरोबर आणखी एक पुस्तक ठेवावे. परिषदेच्या स्पर्धेसारख्या एखाद्या स्पर्धेला आपल्या भागातून कथा गेली, तर लेखकाचे नाव सीमेपलीकडचे आहे म्हणून तिला कोणी अडविणार नाही. १९७४ साली जगताप हे नावही कोणाच्या ओळखीचे नव्हतेच.